गव्हाला आंघोळ

चैत्र सरत आला की आमच्या सिडकोतल्या गच्च्या पिवळ्या दिसायला लागतात. ज्याच्या त्याच्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरलेल्या, त्यांवर गहू पसरलेला आणि साड्यांची टोकं विटांनी दाबलेली. वर्षाचं धान्य भरायचे दिवस. ज्यांचं गाव अजून शाबूत आहे त्यांच्याकडे गावचा गहू येतो. आमच्याकडे पिशोरहून येतो. मी आता गच्चीवर चढत नाही, गुडघे परवानगी देत नाहीत. खाली ओट्यावर परात घेऊन बसते, तळव्यांना एरंडेल लावते आणि मूठ मूठ गहू चोळते. एरंडेलाचा तो जड वास नाकात शिरला की दरवर्षी मला एक बाई आठवते. पदर खोचलेली, नाकातोंडावर फडकं बांधलेली, हातात प्लास्टिकचा मग घेतलेली. गव्हाच्या पोत्यांसमोर उभी राहून ती 'आता तुम्हाला बघतेच' अशा नजरेनं पाहत असते. मला तिचं हसू येतं. मग थोडी लाजही वाटते, कारण ती बाई मीच.

वय लहान होतं तेव्हा. फक्त एकाहत्तर. आमच्या भागात माझ्या पिढीच्या माणसाला जन्मतारीख विचारली की तो अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनपासून मोजायला लागतो. मी ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यातली. रझाकारांच्या गोष्टी ऐकत मोठी झाले, दुष्काळ पाहिले, प्लेगाच्या अफवा पाहिल्या, शाळेत तीस-एक वर्षं पोरींना विज्ञान शिकवलं. एवढं सगळं करून शेवटी मी घाबरले कशाला, तर बटाट्याला.

तो टाळेबंदीचा उन्हाळा आठवा. रस्त्यावर माणूस नाही. कॉलनीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधलेले. दुपारी कोकिळा इतकी स्पष्ट ऐकू यायची की कुणी मुद्दाम आवाज वाढवून लावलाय असं वाटावं. आणि आमच्या मागच्या अंगणात ओळीनं तीन बादल्या. पहिली साबणाच्या पाण्याची, दुसरी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याची, तिसरी साध्या पाण्याची. बाहेरून आलेली कोणतीही वस्तू या तिघींची परीक्षा दिल्याशिवाय घरात येऊ शकत नव्हती. दुधाच्या पिशव्यांना मी रोज सकाळी न्हाऊ घालायचे. बिस्किटांचे पुडे पुसून कपड्यांच्या तारेवर चिमट्यांनी लटकवायचे. वाऱ्यानं ते हलायचे तेव्हा आमच्याकडे लग्न निघालंय असं वाटायचं. साखरेचा कागदी पुडा धुता येत नाही म्हणून मी तो उन्हात ठेवला, तर त्याला मुंग्या लागल्या. त्या मुंग्यांनाही मी झटकलं नाही. बाहेरून आलेल्या मुंग्या, त्यांना हात कोण लावणार?

एकदा मेथीच्या जुडीला साबण जरा जास्त झाला. चार पाण्यांतून काढली तरी फेस जाईना. टाकून द्यायची तर भाजी मिळायची मारामार, म्हणून केलीच. जेवताना ह्यांनी पहिला घास घेतला, थोडा वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत चावला आणि म्हणाले,

"आज भाजी लई स्वच्छ झाली."

हे म्हणजे आमचे यजमान. सगळं आयुष्य गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेलं. बोलणं मोजकं आणि छातीत दमा, तरुणपणापासूनचा. त्या तीन बादल्या खरं तर त्या दम्यासाठी होत्या. जग टीव्हीवर आकडे पाहत होतं. मी भिंतीपलीकडे ह्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत होते. हा आजार श्वासाचा आहे असं सगळे सांगत होते आणि आमच्या घरात श्वास आधीच उसनवारीवर चाललेला.

त्या श्वासाला माझा कान लागला तो लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. तो प्रसंग मी कुणाला सांगत नाही, पण आता लिहायलाच बसले आहे तर सांगते. पिशोरच्या घरी तुरीची मळणी चालली होती, अंगणभर भुसा उडत होता. हे खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून, मान खाली घालून बसलेले. मी दोनदा विचारलं, चहा देऊ का? उत्तर नाही. मी वीस वर्षांची, सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावात वाढलेली, कॉलेजात शिकलेली, नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन फिरणारी. मला वाटलं, रुसलेत. मग मीही रुसले आणि चुलीपाशी पाठ फिरवून बसले. सासूबाई शेतातून आल्या, त्यांनी एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"अगं ये शिकलेले, त्याला दम पुरंना आन् तू तोंड काहून फुगवून बसली?"

नवऱ्याला श्वास येत नाही आणि बायको मानापमानात गुंतलेली! सासूबाईंनी त्यांना पुढे वाकवून बसवलं, पाठीवर वरून खाली हात फिरवत राहिल्या, गरम पाणी घोट घोट पाजलं. मी दारात उभी राहून पाहत होते. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत मी दोन शब्द बोलण्याआधी ह्यांचा श्वास ऐकते आणि मगच भांडायचं की नाही ते ठरवते.

सासूबाईंची आणखी एक आठवण त्या उन्हाळ्यात फार यायची. त्या माळकरी. बाजारातून काही आलं की उंबऱ्यावर ठेवायला लावायच्या, तांब्यातलं चार थेंब पाणी त्यावर शिंपडायच्या आणि मगच घरात घ्यायच्या. नव्या नवरीला हे कसं सहन होणार? मी त्यांना उभ्या उभ्या सूक्ष्मजीवांवर व्याख्यान दिलं होतं. जंतू असे मरत नसतात, आत्याबाई! त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. पिशवी आण आता आत." त्याच सुनेनं पन्नास वर्षांनी अंगणात तीन बादल्या मांडल्या. त्यांच्या श्रद्धेला चार थेंब पुरायचे. माझ्या विज्ञानाला नळ अपुरा पडत होता.

त्या दिवसांत आमच्या गल्लीत भाजी आणायची ती शकीलाबी. हातगाडा ढकलत यायची, दारासमोर थांबायची, फाटकाला हात न लावता हाक मारायची. मी आत उभी राहून लांबून हुकूम सोडायचे. भाजी टबात टाक. नाही, वरून टाक. टबाला हात लावू नको. ती निमूट टाकायची आणि मग गाड्याला टेकून माझं न्हाणं-धुणं पाहत उभी राहायची. तिला तेवढीच करमणूक.

"अम्मा, कोथमीर को इतना कायकू घासते? उसका रंग जातंय ना."

"तुला नाही कळायचं. जंतू असतात."

"हौ, रहते ना. पर तुमारे हात देखो अम्मा. कोथमीर से ज्यादा तुमीच सुकले."

खरं होतं. माझ्या हातांची साल निघायला लागली होती. बोटांच्या पेरांवर चिरा, त्यात लिंबू लागलं की डोळ्यांतून पाणी. पण मला त्याचा अभिमान होता. युद्धावर गेलेल्या माणसाला जखमांचा असतो तसा.

आणि खरोखर युद्धावर गेलेली बाई आमच्याच घरात होती. माझी सून नंदा. सरकारी दवाखान्यात नर्स. तिचं माहेर सोयगावचं. माझी नात सुट्टीला तिथं आजोळी गेलेली ती तिथंच अडकली. मुलगा कामानिमित्त नाशिकला, तोही अडकलेला. नंदाच्या कामाची पाळी अशी असायची: सात दिवस कोरोनाच्या वॉर्डात, मग तपासणी, आणि मग सात दिवस आमच्या गच्चीवरच्या खोलीत एकटी. खोलीला बाहेरून जिना. मी ताट झाकून पाचव्या पायरीवर ठेवायचे आणि मागे सरायचे. ती वरून उतरून ते न्यायची. आमचं सगळं बोलणं त्या जिन्यावरून. ती आठव्या पायरीवर बसायची, मी खाली तुळशीपाशी खुर्ची टाकून.

वॉर्डातलं ती फारसं सांगायची नाही. एकदा इतकंच म्हणाली, तो प्लास्टिकचा पोशाख एकदा घातला की सहा तास पाणी पिता येत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळपासूनच पाणी कमी पिते. एकदा म्हणाली, एका म्हाताऱ्या बाबाला जेवण भरवताना त्यांनी विचारलं, बाई, तुझं तोंड कसं आहे गं? मग तिनं कागदावर स्वतःचा हसरा चेहरा काढला आणि तो कागद छातीवर चिकटवला. हे सांगतानाही ती हसत होती. मी मात्र मनात विचार करत होते की तो कागद घरी तर आणला नसेल ना हिनं?

अशी मी.

नंदाचं आणि माझं एकाच गोष्टीवरून वाजायचं. ती कठड्यावरून माझ्या बादल्या पाहायची.

"आई, हात धुवा. वीसपर्यंत आकडे मोजत चांगले घासून धुवा. तेवढं पुरेसं आहे. भाजीला साधं पाणी बस झालं, साबण पोटात जाऊ राहिला तुमच्या."

"तू दवाखान्यात शहाणी. घरातलं मला कळतं."

"पुड्यांना वाटलं तर पुसा एकदा. पण ती पावडर नका वापरू. बाबांच्या छातीला वास सहन नाही व्हायचा."

"बाबांसाठीच चाललंय हे सगळं."

यावर ती काही बोलायची नाही. मला वाटायचं, जिंकले. आता कळतं, ती माझ्या आवाजातली भीती ऐकायची आणि गप्प व्हायची. रोज किती घाबरलेली माणसं पाहत असेल ती. आणखी एका घाबरलेल्या बाईशी वाद घालायला तिच्याकडे ताकद तरी कुठली उरणार? पण मला थांबवायला हवं आणि तिला जमत नाही, याची टोचणीही तिला असावी. खालून मला तिचा चेहरा अर्धाच दिसायचा, मास्कच्या वरचा.

मग पिशोरहून गहू आला.

माझ्या धाकट्या दिरानं परवानगीचा कागद काचेला चिकटवून टेम्पोतून चार पोती धाडली. टेम्पोवाल्यानं ती अंगणात उतरवली आणि गेला. चार पोती! कुणी शिवली, कुणी उचलली, कुणी त्यांवर बसून तंबाखू मळली, काही पत्ता नाही. आणि हाच गहू वर्षभर ह्यांच्या पोटात जाणार. मी पोत्यांभोवती दोन फेऱ्या मारल्या. हे दारात उभे.

"काय करू राहिली?"

"धुणार."

"पोती?"

"गहू."

त्यांनी वर पाहिलं. गच्चीच्या कठड्याशी नंदा उभी होती. सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं, सुनेनं सासऱ्यांकडे. पन्नास वर्षांचा संसार आणि बारा वर्षांचं सूनपण, दोघांनाही ठाऊक होतं की आता हिला अडवण्यात अर्थ नाही.

गव्हाला साबण लावला नाही, एवढी अक्कल शिल्लक होती. मी लाल औषधाचा खडा टाकला पाण्यात, पूर्वी विहिरीत टाकायचे तसा. पाणी गुलाबी झालं. टोपलीभर गहू बुडवायचा, हलवायचा, निथळायचा, साड्यांवर पसरायचा. दोन दिवस हेच. वैशाखाचं ऊन तापलेलं, गहू वाळत होता पण रंग बदलून, गुलाबीतून मातकट तपकिरी होत. शकीलाबी गाडा थांबवून पाहत राहिली.

"अम्मा," शेवटी ती म्हणाली, "गेहूँ को न्हलाया? अब उसको पावडर-कुंकू बी लगाओ."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. माझं लक्ष रिकाम्या पोत्यांकडे होतं. गोणपाटाची ती चार पोती, जंतूंचं माहेरघर! शिवाय पुढच्या वर्षासाठी हवीत, फेकता येत नाहीत. मी ती ओली केली, त्यांच्यावर ब्लीचिंग पावडर मुठीमुठीनं भुरभुरली आणि मागच्या कोठीच्या खोलीत नेऊन टाकली. खिडकी लावून घेतली, दार ओढून घेतलं. वास बाहेर जाऊ नये, जंतू नीट मरावेत म्हणून. मी, जिनं सातवीच्या पोरींच्या वहीत तीस वर्षं तांबड्या शाईनं लिहिलं होतं की घरात हवा खेळती ठेवावी!

दुपारची वेळ. मी बाहेर गहू गोळा करत होते. ह्यांना वाटलं, बिचारी एकटी राबतेय, आपण निदान कोठी पुसून ठेवू. ते त्या खोलीत गेले. वारं नको, पुसलेल्या कोठीत धूळ उडेल, म्हणून दार आतून पुन्हा लावून घेतलं. कमरेइतकी पत्र्याची कोठी. तिच्यात अर्धे वाकून ते तळ पुसत बसले. किती वेळ, देव जाणे. मला ऐकू आला तो खोकला. मग खोकल्यामागून ती शीळ. छातीतून येणारी, बारीक, ओढलेली. मी तो आवाज कुठंही ओळखेन.

ते दार उघडून बाहेर आले आणि भिंतीला धरून खाली बसले. ओठ काळसर. बोलता येईना. हातानं खूण केली, दम्याचा पंप. मी पंप आणला, पण त्याचं टोपण निघेना. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. आला. एवढं धुतलं तरी आला. कुठून आला? मेथीतून? दुधातून? आणि मग माझी नजर वर गेली. माझ्या किंकाळीनं नंदा कठड्याशी आली होती.

"तुझ्यामुळं!" मी ओरडले. "तूच आणलास घरात. तुझ्या वॉर्डातून!"

पाच वर्षं झाली. ते वाक्य माझं आहे हे अजून मला नाकारता आलेलं नाही.

नंदा उत्तर द्यायला थांबली नाही. ती मास्क लावता लावता जिना उतरली, हातमोजे चढवले, पाचवी पायरी ओलांडली, तुळस ओलांडली. गेल्या दोन महिन्यांत ती एवढी जवळ आली नव्हती. कोठीच्या खोलीच्या दाराशी आली आणि थबकली. मास्कमधूनही तिला वास कळला. तिनं माझ्याकडे पाहिलं फक्त एकदा. मग ह्यांना बखोटीला धरून उठवलं, पुढच्या ओट्यावर मोकळ्या हवेत आणलं, खुर्चीवर पुढे वाकवून बसवलं, कोपरं गुडघ्यांवर टेकवायला लावली. माझ्या हातातला पंप घेतला.

"बाबा, माझ्याकडे पाहा. ओढा. धरा. सोडा हळूहळू, दिवा न विझवता फुंकल्यासारखं. परत."

बोटाला प्राणवायू मोजायचं ते छोटं यंत्र लावलं. एकीकडे आकडा पाहतेय, एकीकडे त्यांच्या पाठीवरून हात फिरवतेय. वरून खाली. पिशोरच्या त्या हिवाळ्यात सासूबाई जशा फिरवत होत्या अगदी तसा. नंदानं त्यांना पाहिलेलंही नव्हतं. मी पुन्हा दारात उभी राहून पाहत होते, पन्नास वर्षांनी, तितकीच निरुपयोगी.

शीळ हळूहळू बारीक झाली. ओठांना रंग आला. ह्यांनी पहिला पूर्ण श्वास घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काय झालं गं पोरी मला?"

मी डोळे मिटले. आता ही सांगणार. सांगायलाच हवं होतं.

"गव्हाची धूळ, बाबा," नंदा म्हणाली. "लई वाईट असते. तुम्ही कोठीत डोकं घालायलाच नको होतं."

"तरी मी म्हणतो," हे म्हणाले, "आपल्या पिशोरच्या गव्हात मातीच जास्त."

तिनं कोठीच्या खोलीची खिडकी उघडली, पोती उन्हात ओढून काढली, पुन्हा पुन्हा त्यांच्यावर पाणी मारलं. मग हातमोजे काढले, साबणानं हात धुतले आणि जिना चढून गेली.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर ती येऊन तिच्या पायरीवर बसली. मी खुर्ची ओढली. गल्लीत कुणी तरी पापड वाळायला घातले होते ते गोळा करत होतं, डब्यांचा आवाज येत होता.

"माझी तपासणी झाली होती आई, वॉर्डातून निघताना," ती म्हणाली. "नव्हता आला मला. पण तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे. मलाही रोज वाटतं."



"मग एवढं सगळं मी कशाला केलं?" मी विचारलं. हा माफीचा शब्द नव्हता. पण तेव्हा तेवढंच निघालं.

"सुरुवातीला कुणालाच काही ठाऊक नव्हतं. मी सुद्धा पहिल्या आठवड्यात माझं घड्याळ सॅनिटायझरमध्ये बुडवलं होतं. बंद पडलं ते." ती हसली. "आता आम्हाला जरा कळू राहिलंय. हा माणसाच्या तोंडून, हवेतून जास्त येतो. पिशवीतून, बटाट्यातून तसा नाही. आता पुरे करा, आई."

"मग मी काय करू? नुसती बसू?"

हे मी रागानं म्हटलं असेन, पण नंदानं ते बरोबर पकडलं. या बाईला बादल्यांचं प्रेम नाही. हिला रिकाम्या हातांची भीती आहे. ती उठली, वर गेली आणि बोटाला लावायचं ते यंत्र घेऊन आली. ते पुसून पाचव्या पायरीवर ठेवलं.

"रोज सकाळ-संध्याकाळ बाबांच्या बोटाला लावायचं. आकडा वहीत लिहायचा. मग त्यांच्या छातीकडे पाहून एका मिनिटात किती श्वास होतात ते मोजायचं. त्यांना कळू न देता मोजायचं, नाहीतर ते मुद्दाम हळू घेतात. दिवा न विझवता फुंकायचा तो व्यायाम त्यांच्याकडून करून घ्यायचा, दहा वेळा. आकडा खाली गेला की मला हाक मारायची. हे काम माझ्याच्यानं वरून होत नाही. तुम्हीच करू शकता."

सून सासूला काम वाटून देत होती, आणि सासू ते हात पुढे करून घेत होती. आमच्या घराण्यात असं पहिल्यांदाच घडलं असेल. माझे हात तिनं बटाट्यांवरून उचलले आणि ज्याच्यासाठी ते झिजत होते त्या माणसाच्या पाठीवर ठेवले. मोठी परिचारिका कुणाला म्हणायचं ते मला त्या दिवशी कळलं. रोग्याला तर तिनं सांभाळलंच, पण त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या वेडीलाही सांभाळलं, आणि तिची लाज राखून.

दुसऱ्या दिवशी शकीलाबी आली तेव्हा टब नव्हता. मी फाटकापर्यंत गेले, तोंडावर फडकं होतंच, आणि मेथीची जुडी तिच्या हातातून घेतली. ती दचकली.

"अम्मा, तबियत ठीक है ना?"

"ठीक आहे. आजपासून मेथीची आंघोळ बंद."

"अल्ला!" ती म्हणाली. "बच गई बिचारी."

तेव्हा पहिल्यांदा मी तिच्या गाड्याकडे नीट पाहिलं. दोन महिने मी फक्त कोथिंबीर पाहत होते. गाड्याच्या दांडीला जाळीच्या पिशवीत साबणाची वडी लटकत होती, खाली पाण्याचा कॅन. प्रत्येक दारी भाजी दिली की ती दोन पावलं मागे जाऊन हात धुवायची. तिच्या घरात सात माणसं. आणि मी तिला शिकवत होते की जंतू असतात! मी त्या वडीकडे पाहतेय हे तिला कळलं. "ऐसेच रखी," ती म्हणाली, आणि गाडा ढकलत पुढे गेली. मला त्या बाईच्या पाठीकडे पाहत राहावंसं वाटलं.

बादल्या लगेच सुटल्या असं नाही. सवय होती. दुधाची पिशवी हातात आली की पाय आपोआप अंगणाकडे वळायचे. मग मी स्वतःलाच दटावायचे, मास्तरीणबाई, स्वयंपाकघर इकडे आहे. एखादा बिस्किटाचा पुडा चोरून पुसायचेही. पण मग ह्यांच्या श्वासाची वेळ व्हायची. मी पेपर वाचण्याचं नाटक करत शेजारी बसायचे आणि त्यांची छाती मोजायचे. अठरा. सतरा. एकदा ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आज किती भरले?" म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि एकदा, असंच बसल्या बसल्या, "धूळ नव्हती ती," एवढंच म्हणाले आणि पान उलटलं.

नंदाचे सात दिवस भरले त्या सकाळी ती खाली उतरली. परवा पुन्हा वॉर्डात जायचं होतं. या खेपेला पहिल्यांदाच मधले दोन दिवस आमचे. दारात उभी राहिली, हातात एक पिशवी. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ह्यांचा नवा पंप आणि सोबत कांद्याच्या पातीच्या दोन जुड्या घेऊन आली होती. सवयीनं ती उंबऱ्याबाहेर थांबली, मी कुठं ठेवायला सांगते याची वाट पाहत.

"धुतलं नाही हं आई काही," ती म्हणाली.

मी पिशवी घेतली. पिशवीबरोबर तिचा हातही माझ्या हातात आला आणि मी तो सोडला नाही. हातमोज्यांत घामानं भिजून भिजून तिच्या बोटांची कातडी पांढरी झालेली, जागोजागी सोललेली. मनगटावर रबराचा वण. माझेही हात तसेच, सोललेले. तिचे माणसं धरून धरून, माझे बटाटे धरून. मी ते चारही हात पाहत राहिले.

"नंदा, मी त्या दिवशी जे बोलले..."

"आई, लई भूक लागली. काय केलंय?"

आतून ह्यांचा आवाज आला, "आली का पोरगी?"

मी तिचा हात सोडला. पिशवी ओट्यावर ठेवली, न धुता. मग मोरीत जाऊन साबणानं माझे हात धुतले, तिनं सांगितल्याप्रमाणे वीसपर्यंत आकडे मोजून, आणि तीन पानं घेतली.